हार्ड डिस्क टकटक करतेय, दिवाळी अंकाच्या फायली आत अडकल्यात. मदत हवी

अक्षरजुळणी
दादरला आमचं छोटं डीटीपीचं ऑफिस आहे. मुख्य मशीन अजून विंडोज ७ वरच, कारण पेजमेकर आणि फॉन्टचं डोंगल (परवान्याची किल्ली) त्याच्यावरच नीट चालतं. काल संध्याकाळी लाइट दोन-तीनदा लपकली, मशीन बंद पडलं आणि परत चालू केल्यावर विंडोजच्या चिन्हापाशी अडकलं. मग आपोआप डिस्क तपासणी सुरू झाली. टक्केवारी पुढे सरकेना, म्हणून वायर काढली.

आज १ टीबीची ती हार्ड डिस्क बाहेर काढून यूएसबी डॉकमध्ये घातली आणि दुसऱ्या मशीनला लावली. टक... टक... असा आवाज येतो. मधेच डी ड्राइव्ह दिसतो, फोल्डर उघडायला दहा मिनिटं लागतात, मग गायब. एकदा तर ‘फॉरमॅट करायचं का’ असंच विचारलं. गणपतीपर्यंतचं काम दुसऱ्या डिस्कवर आहे. त्यानंतरची मांडणी, लेखकांच्या दुरुस्त्या, जाहिरातींची पानं, सगळं हिच्यात. छापखान्याची तारीख डोक्यावर आहे. काय करू?

स्लोलोकल
ताई, हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. माझ्या मेव्हण्याने केलं होतं, तासभर चालली होती. नाहीतर चेकडिस्क, म्हणजे विंडोजची ती डिस्क तपासणी, पूर्ण होऊ द्या, तो सगळं दुरुस्त करतो.

ग्रँटरोडपूर्व
दोन्ही करू नका. आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा.

लॅमिंग्टन रोडला हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. फ्रीझरमधून काढलेली वस्तू मुंबईच्या हवेत ठेवली की काय होतं ते फ्रिजमधल्या बाटलीवर रोज दिसतं. ते दव चकतीवर जमलं आणि हेड त्याच्यावरून गेलं की विषय संपला. ही युक्ती फार जुन्या, वेगळ्या बांधणीच्या डिस्कच्या काळातली आहे. मेव्हण्यांचं नशीब चांगलं होतं, हलके घ्या.

ताई, दोन गोष्टी सांगा. आवाज एकसारख्या लयीत येतो आणि मग डिस्क थांबते, की अधूनमधून येतो? आणि डॉकला जो ॲडॉप्टर लावलाय तो त्याच डॉकचा आहे का?

सिस्टिमकाका
वरच्याला +१. मी बँकेच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालो. चेकडिस्कबद्दल जरा बोलतो, कारण तो डेटा वाचवतो हा समज फार पसरलाय.

चेकडिस्कला तुमच्या फायलींशी देणंघेणं नसतं. त्याला फाइल सिस्टिमचा हिशेब जुळवायचा असतो. एखादी नोंद जुळली नाही की तो ती नोंद उडवतो आणि हिशेब जुळला म्हणून खूश होतो. उडवलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये नुसत्या क्रमांकांनी पडतात. डिस्क धडधाकट असेल आणि गोंधळ फक्त नोंदींचा असेल तर चालतं. पण डिस्कच वाचता येत नसेल तर न वाचता आलेल्या नोंदीला तो चुकीची नोंद समजतो, आणि वर मरणाऱ्या डिस्कवर लिहायलाही लागतो. तुम्ही वायर काढलीत ते बरंच झालं.

अक्षरजुळणी
प्लग काढला. आवाज एकसारखा नाही. कधी पाच-सहा टक, मग शांत, मग डिस्क दिसते. ॲडॉप्टर... आमच्याकडे बारा व्होल्टचे सारखे दिसणारे दोन-तीन आहेत, त्यातला एक लावला होता. आता बघितलं तर हा राउटरचा वाटतोय.

ग्रँटरोडपूर्व
मग आशा आहे.

मोठ्या, म्हणजे साडेतीन इंची डिस्कला सुरू होताना जास्त करंट लागतो. राउटरचा ॲडॉप्टर व्होल्ट बरोबर देतो पण तेवढा करंट देत नाही. चकती पुरता वेग घेत नाही, हेड मागे जातं, परत प्रयत्न, परत मागे. आवाज अगदी हेड गेल्यासारखाच. दुकानात येणाऱ्या टकटकवाल्या डिस्कमध्ये अशा उपाशी डिस्क असतात बऱ्याच. उलटा प्रकारही होतो, बारा व्होल्टच्या जागी लॅपटॉपचा एकोणीसचा ॲडॉप्टर खुपसतात. तेव्हा सर्किटवरचा एक छोटा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवतो आणि डिस्क एकदम मुकी होते. ते काम सहसा हाताबाहेरचं नसतं. पण यूट्यूब बघून घरी करू नका.

आता एवढंच करा. चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असलेल्या डेस्कटॉपमध्ये डिस्क थेट साटा केबलने लावा. त्या मशीनवर विंडोज चालू करू नका. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, कारण विंडोज डिस्क दिसली की न विचारता तिला हात लावतं. मग फक्त स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते आकडे बघा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी. टकटक तिथेही झाली तर लगेच बंद आणि कुठल्याही चांगल्या लॅबला द्या. मग पुढचं काही घरी करायचं नाही.

मीठागर
वाचतोय. असे आकडे बघून काय कळतं नक्की?

ग्रँटरोडपूर्व
०५ म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने स्वतःच बदलून टाकलेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागला नाही अशा जागा. सी६ म्हणजे प्रयत्न करूनही दुरुस्त न झालेल्या. ०५ चा आकडा थोडा असून वर्षभर तिथेच थांबला असेल तर मी फार घाबरत नाही. सी५ रोज वाढत असेल तर डिस्क गेलीच समजा, फक्त तारीख ठरायची आहे. आणि तिन्ही शून्य असूनही डिस्क मरते, हेही बघितलंय. त्यामुळे हिरव्या रंगावर विसंबू नका.

अक्षरजुळणी
भाच्याला बोलावून केलं. थेट लावल्यावर टकटक नाही! ०५ शून्य, सी५ काही शेकड्यात, सी६ पण तेवढाच. आता कॉपी करून घेऊ का भराभर?

ग्रँटरोडपूर्व
कॉपी नको, क्लोन, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. फरक महत्त्वाचा आहे. कॉपी-पेस्ट करताना खराब जागा लागली की सिस्टिम तिथेच डोकं आपटत बसते. तेवढ्यात डिस्क आणखी खचते, आणि चांगल्या जागा वाचायच्या राहून जातात.

डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. तो आधी जे सहज येतं ते सगळं उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि मग शेवटी त्या कोपऱ्यांकडे वळतो. दुसरी डिस्क १ टीबीपेक्षा मोठी घ्या, रिकामी. मॅपफाइल द्यायला विसरू नका, तिच्यात कुठपर्यंत आलो याची नोंद राहते. लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. मूळ डिस्क कुठली आणि नवी कुठली हे भाच्याला तीनदा तपासायला सांगा. क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. पहिल्या फेरीत खरवडणं, म्हणजे अडलेल्या जागा तुकड्या-तुकड्याने वाचणं, बंद ठेवा. वर टेबलफॅन लावा. आणि यूपीएसवर चालवा, हे मुंबईतल्या माणसाला सांगायला नको, १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल, शहरभर लाइट गेली होती.

स्लोलोकल
त्या दिवशी मी लोकलमध्येच अडकलो होतो, कॉम्प्युटरचं कसलं घेऊन बसलात. बाकी फ्रीझरचं मागे घेतो. पण एक प्रश्न: हे सगळं दुकानदार का करत नाहीत? माझ्या ओळखीच्याने एका दुकानात डिस्क दिली होती. त्यांनी समोरच झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाले, गेली.

ग्रँटरोडपूर्व
झाकण उघडून आत बघणाऱ्याकडे डिस्क देऊ नका. हेड ज्या उंचीवर चालतं त्याच्यापुढे धुळीचा कण म्हणजे डोंगर. उघडायचीच तर क्लीन रूममध्ये, किंवा निदान फिल्टर केलेल्या हवेच्या टेबलावर. हेड बदलायचं तर त्याच मॉडेलची दुसरी डिस्क लागते, दाता म्हणा, आणि नुसतं मॉडेल जुळून भागत नाही, बनावटीची तारीख आणि फर्मवेअरही (डिस्कच्या आतला प्रोग्रॅम) बघावं लागतं.

आमच्या धंद्यातलं आणखी एक सांगतो. ‘सर्किट बदलून देतो’ असं म्हणणारे खूप आहेत. पूर्वी चालायचं. आताच्या डिस्कमध्ये त्या सर्किटवरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं लिहिलेली असतात. नवं सर्किट लावताना ती चिप किंवा तिच्यातला मजकूर न्यावा लागतो. नाहीतर डिस्क स्वतःलाच ओळखत नाही. देताना विचारा: आधी क्लोन करता का, उघडणार असाल तर मला फोन करणार का, डेटा नाही मिळाला तर किती घेणार. नीट उत्तर दिलं तर द्या.

मीठागर
दादा, आमच्याकडे समुद्राची हवा. जुन्या डिस्कचं सर्किट उघडलं तर मागचे ठिपके काळे पडलेले दिसतात.

ग्रँटरोडपूर्व
तेच हेडकडे आणि मोटरकडे जाणारे कॉन्टॅक्ट. काळे पडले की डिस्क मधेच वाचते, मधेच नाही. साध्या खोडरबराने हलकं घासून पुसलं तरी अनेकदा सुधारते. खाडीकाठच्या गिऱ्हाइकांकडून हे हमखास येतं. सर्किटचे स्क्रू काढा, झाकणाचे नाही!

अक्षरजुळणी
क्लोन झाला. अगदी थोडा भाग आला नाही, बाकी सगळं आलं. मूळ डिस्क आता कपाटात.

पण नवीनच त्रांगडं. क्लोनवरचा डी ड्राइव्ह उघडतो, तीन अंक जसेच्या तसे मिळाले. चौथ्याचं फोल्डर रिकामं दिसतंय. भाच्याने फोटोरेक हे हरवलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर हजारो फायली आल्या आणि सगळ्यांची नावं म्हणजे नुसते आकडे. एकेक उघडून बघायची तर पुढच्या दिवाळीपर्यंत बसावं लागेल. लेखातला शब्द टाकून शोधलं तर एकही फाइल सापडत नाही. मराठी शोधताच येत नाही का?

पाटीपेन्सिल
ताई, इथे मी कामाला येईन. वर्तमानपत्राच्या पानांवर आयुष्य गेलंय.

आधी फोटोरेकचं. तो फायलींच्या नोंदवहीकडे बघतच नाही. डिस्कवर सरळ चालत जातो आणि फाइलच्या सुरुवातीची ओळखीची खूण दिसली की उचलतो. म्हणून नाव येत नाही, फोल्डर येत नाही, आणि फाइल तुकड्या-तुकड्यांत पसरलेली असेल तर अर्धवट येते. त्याच्याच सोबत येणारं टेस्टडिस्क आधी चालवून बघा. नोंद शिल्लक असेल तर ते पुसलेली फाइल नावासकट दाखवतं. क्लोनच्याही एका प्रतीवर करा.

आता मराठीचं. तुमच्या फायली जुन्या फॉन्टमधल्या आहेत ना? श्रीलिपी, आकृती, आयएसएम, जे काय असेल. त्या फायलीत ‘दिवाळी’ हा शब्द नसतोच. तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांची एक रांग असते, आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. वेलांटी आधी, काना नंतर, रफार तिसरीकडे. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे हल्लीच्या सर्वत्र चालणाऱ्या देवनागरीत, ‘दिवाळी’ टाकून शोधताय, म्हणून कॉम्प्युटर नाही म्हणतो. खोटं बोलत नाही तो.

युक्ती अशी: ज्या मशीनवर तोच फॉन्ट आणि तोच कीबोर्ड आहे तिथे अंकातला एखादा न चुकणारा शब्द टाइप करा. लेखकाचं आडनाव सगळ्यात बरं, पण जोडाक्षर नसलेलं घ्या, कारण जोडाक्षरं फॉन्टगणिक वेगळी लागतात. मग तो मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. जी अगम्य अक्षरं दिसतील ती उचला आणि सगळ्या फायलींच्या पोटात शोधा. नावात नाही, पोटात. पेजमेकरच्या फायलींतही मजकूर बरेचदा तसाच सलग सापडतो. जुन्या वर्डच्या फायलीत तो दोन प्रकारे असू शकतो, एका बाइटचा किंवा दोन बाइटचा, म्हणून शोध दोन्ही प्रकारे लावा. नव्या वर्डची फाइल ही आतून झिप असते, ती उलगडल्याशिवाय असा शोध लागत नाही. आणि कव्हर कोरलमध्ये केलं असेल तर ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाच्या फायली मूळ फोल्डरशेजारी आहेत का बघा. लोक त्या कचरा म्हणून पुसतात.

सिस्टिमकाका
पाटीपेन्सिल, हे वेगळ्या धाग्यात लिहा हो. असं कुठे लिहिलेलं सापडत नाही.

अक्षरजुळणी
सापडलं!! आडनावावरूनच. एकाच आडनावाने पंधरा-वीस आवृत्त्या आल्या, शेवटच्या दुरुस्त्यांचीही. दोन कथांची पानं अर्धी आलीत, ती प्रूफावरून परत जुळवतेय. जाहिराती मेलमध्ये होत्याच. सगळ्यांची आभारी आहे, सविस्तर नंतर लिहीन, आता छापखान्यात पळते.

खारीबिस्कीट
ताईंचं झालं, छान. माझंही बघा ना. लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, चकत्या नसलेली चिपवाली डिस्क. परवा चुकून फोटोंचं फोल्डर शिफ्ट-डिलीट केलं. फोटोरेक चालेल ना?

ग्रँटरोडपूर्व
चालेल, पण मिळेल असं वाटत नाही. वाईट वाटून घेऊ नका, एसएसडीची तऱ्हाच वेगळी आहे. फाइल पुसली की विंडोज डिस्कला कळवतं की या जागा आता नकोत. त्याला ट्रिम म्हणतात, विंडोज ७ पासून आहे. मग एसएसडीचा कंट्रोलर फावल्या वेळात त्या जागा खरोखर कोऱ्या करतो. लॅबलाही तिथे फारसं काही करता येत नाही. साध्या हार्ड डिस्कमधल्या काही नव्या, एकावर एक पट्टे चढवून लिहिणाऱ्या मॉडेलांतही आता ट्रिम असतं, तिथेही हीच गत. पेन ड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड यांत मात्र सहसा नसतं, म्हणून तिथे अजून हाती लागतं.

फोनवरून गुगल फोटोजमध्ये गेले होते का ते बघा. बॅकअप झालेला फोटो तिथल्या कचरापेटीत ६० दिवस राहतो. आणि वनड्राइव्ह चालू होतं का?

खारीबिस्कीट
वनड्राइव्हच्या कचरापेटीत सगळं आहे! 🙏 एवढा वेळ रडत होते.

सिस्टिमकाका
लॅपटॉपवाल्यांनी आजच आणखी एक बघून ठेवा. नव्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झाला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागतात. ती सहसा त्या खात्यात जपलेली असते, पण खातं कुणाच्या नावाने उघडलंय हेच घरात कुणाला माहीत नसतं. दुकानदाराने स्वतःच्या मेलवर उघडून दिलेलं खातंही मी बघितलंय. किल्ली नाही तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही मिळत नाही.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली होती, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय तसा सोपा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण सेफ मोडच्या दारात हीच किल्ली मागितली जायची, आणि काही ठिकाणी किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोच निळा पडून होता.

अवांतर: २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा डेटा उडवणारा व्हायरस आला तेव्हा आपल्या न्हावा शेव्याचं मर्स्क या जहाज कंपनीच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. मर्स्कने नंतर सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी दहा दिवसांत पुन्हा उभे केले. पण ज्या सर्व्हरवर सगळ्या नेटवर्कची नोंद असते त्याच्या जगभरातल्या प्रती एकमेकींशी जुळवून घेत होत्या, त्यामुळे सगळ्या एकदमच गेल्या. वाचली एकच, घानातली. का? तिथे हल्ल्याच्या आधी लाइट गेली होती.

स्लोलोकल
म्हणजे लाइट जाणं चांगलं 😄

विक्रोळीपूर्व
आमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या मशीनवर सगळ्या फायलींच्या नावापुढे विचित्र अक्षरं लागलीत आणि पैसे मागणारी चिठ्ठी आहे. हिशेबाचा सगळा डेटा. बॅकअपची डिस्क लावलेलीच होती, तीही गेली. कमिटीतले म्हणतात फॉरमॅट करून टाका.

सिस्टिमकाका
अजिबात नाही. मशीनची नेटची वायर काढा. ती चिठ्ठी आणि एक-दोन बिघडलेल्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या, आणि दुसऱ्या मशीनवरून ‘नो मोअर रॅन्सम’च्या साइटवर टाका. २०१६ मध्ये युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केलेली आहे, फुकट. कुठला प्रकार आहे आणि त्याची चावी निघाली आहे का ते कळतं. आज नसेल तर डिस्क तशीच बाजूला ठेवा, वर्षा-दोन वर्षांनी चाव्या निघाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून फॉरमॅट नको, काम चालू करायला नवी डिस्क घाला. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि ऑडिटरकडे मागच्या वर्षीची प्रत असतेच, आधी त्यांना फोन करा.

विक्रोळीपूर्व
ऑडिटरकडे मार्चपर्यंतचं आहे! पावत्यांची पुस्तकं पण आहेत. बाकी हाताने भरू.

मीठागर
शेवटचं विचारतो. २६ जुलै २००५ ला कलिन्याला आमच्या दुकानात पाणी होतं छातीपर्यंत. तेव्हाच्या दोन डिस्क माळ्यावर अजून आहेत. आता काही होईल का?

ग्रँटरोडपूर्व
भिजलेली डिस्क सुकवायची नसते, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हेअर ड्रायर, ऊन, तांदळाचा डबा, सगळे प्रकार झाले त्या आठवड्यात. डिस्कला हवा घ्यायला एक छोटं भोक असतं, पाणी तिथून आत जातं. वाळलं की त्यातला गाळ आणि क्षार चकतीला चिकटून बसतात. तशीच ओली, पिशवीत बंद करून लॅबला नेली तर ते धुऊन काढू शकतात. हल्लीच्या मोठ्या, हेलियम भरलेल्या डिस्क सीलबंद असतात, त्यांचं तेवढं बरं.

तुमच्या डिस्क वाळून जमाना झाला. लावून बघू नका, एवढंच सांगतो. लॅबमध्ये उघडल्याशिवाय कुणीही छातीठोक बोलणार नाही, आणि ते स्वस्त नाही. त्यांच्यात काय होतं?

मीठागर
उधारीची खाती.

ग्रँटरोडपूर्व
मग राहू द्या माळ्यावर.